धुण्याचा दगड

वडूजच्या पुढं, ओढ्याकाठी
सुभेदार निकमांनी काठी टेकली.
आम्ही सतरा जण. टोप्या, बाटल्या, एक रडकं पोर.

"हा बघा वीरगळ.
खाली लढाई. मधे अप्सरा त्याला उचलून नेतात.
वर, पिंडीपुढं हात जोडून बसलाय."

दगडावर ओली वाकळ होती.
शेवंताबाईंनी ती ओढून घेतली, बाजूला झाल्या.
"धुण्याला बेस हाय. कापड घसरत नाही."

घोड्याचे पाय बोटांना लागत होते अजून,
चेहरा तेवढा साबणानं नेलेला.

"कोण होता हा?"
"नाव नाही. गुरं सोडवताना पडला असंल."

मग कुणीतरी विचारलं,
"आणि तुम्ही, सुभेदार? कारगिलला होता ना?"

ते खाली वाकले,
बुटाची बांधलेलीच नाडी
सोडून पुन्हा बांधत राहिले.

मागं वाकळीवर
धोपाटणं सुरू झालं होतं.