नाव ठेवताना

मंगळवारी ती आली, ऐन भरतीच्या वेळेला.
छातीशी बारा दिवसांचं पोर, लोकरी टोपीत बुडालेलं,
बुटांना ओली वाळू.
नॉर्थम्बरलंडच्या या किनाऱ्यावर
एकतीस वर्षं मी जन्म लिहीत आलेय.
धुरावलेल्या हेरिंगचा वास माझ्या वह्यांनाही येतो.

“कथबर्ट,” ती म्हणाली.

मी पेनाचं टोपण परत लावलं.

ऑलिव्हर लिहिलेत मी, बोटांना पाठ होईपर्यंत.
आर्ची, नोआ, एका मे महिन्यात सलग पाच हॅरी.
पण कथबर्ट एकही नाही.
तो खाली तळघरात राहतो,
कातडी बांधणीच्या वह्यांत, ओलीला धरून.
देशभरात वर्षाला तिघेही नसले
तर सरकारी यादीत नावापुढे आकडा येत नाही,
नुसती रेघ.

म्हटलं, पोरी, हे जुन्या भाषेतले दोन तुकडे आहेत.
पहिला म्हणजे ठाऊक असलेला,
दुसरा म्हणजे लखलखीत.
सगळ्यांना ठाऊक असलेला उजेड.
आता बघ.

समोरच्या बेटावर या नावाचा एक साधू राहून गेला.
रात्रभर गळ्याइतक्या पाण्यात उभा राहून प्रार्थना करायचा,
आणि पहाटे बाहेर आला की पाणमांजरं म्हणे
त्याचे पाय आपल्या श्वासाने शेकायची.
इथल्या आयडर बदकांना अजून त्याचंच नाव आहे.
कुडीची बदकं.
कुडी म्हणजे लाडका कथबर्ट.
कुडी म्हणजे गाढवसुद्धा, आमच्याच बोलीत.
शाळेतली पोरं नावं ठेवायला टपलेली असतात,
त्यांच्या हातात तू खोगीर कशाला देतेस?

ती पोराची टोपी नीट करत राहिली.
म्हणून पुढचंही सांगितलं, जे मी सहसा सांगत नाही.
पहिल्या महायुद्धात वर्तमानपत्रांना
रणांगण चुकवून कचेरीत दडणाऱ्यासाठी एक शब्द हवा होता.
त्यांनी कथबर्ट उचलला.
व्यंगचित्रांत त्याचा ससा केला, घाबरट, लांब कानांचा.
हजार-बाराशे वर्षं तरलेलं नाव
दोन-तीन हिवाळ्यांत बुडालं.

तळघरातल्या चौदाव्या वहीत एक कथबर्ट स्टॅनर्स आहे,
खेकडे धरणाऱ्याचा तिसरा मुलगा, जन्म अठराशे सत्त्याण्णव.
आणि चर्चपाशी, स्मारकाच्या दगडावर,
त्याच आडनावाचा, त्याच वयाचा एक जॅक.
जॅकचा जन्म मला कुठल्याच वहीत सापडला नाही.
भरतीच्या रांगेत त्याचा नंबर आला असेल,
समोरच्या शिपायानं मान वर न करता विचारलं असेल, नाव?
मरायला निघालेल्याला
निदान ससा तरी कुणी म्हणू नये.

ती म्हणाली,
“आजोबांच्या होडीचं नाव कुडी होतं.
आम्हाला वाटायचं, गाढवावरून असेल.
ओझी वाहायची ना ती.
गेल्या महिन्यात तोडली. मागची फळी मी मागून घेतली,
आता पाळण्याच्या उशाशी लावलीय.”
तिचं आडनाव स्टॅनर्स नव्हे.
गोष्ट जुळत नाही.
मी जुळवायलाही गेले नाही.

“आणि हाक मारली,” ती म्हणाली,
“की वर्गातली पाच पोरं वळून बघणार नाहीत.
एकच बघेल.”

इंग्रजीत आठ अक्षरं. सावकाश काढली.
चौथ्यापाशी शाई फुटली, टिपकागद शोधावा लागला.
पोर तेवढ्यात शिंकलं.
सगळ्या गावात हे नाव ठाऊक नसलेला
आता तोच एकटा उरला होता,
कारण दाराशी थांबलेल्या पोस्टमननं सगळं ऐकलं होतं.

खिडकीतून पाहिलं तर ओहोटी लागलेली.
पायऱ्या उतरताना ती फोनवर कुणाला तरी सांगत होती,
हो, कथबर्ट.
नाही, थट्टा नाही.
थांब, स्पेलिंग सांगते.