कोरा रकाना

मी चित्रं बघायला गेलो नव्हतो.
दिवे मोजायला गेलो होतो
कुतायसीच्या कलासंग्रहालयात, शिडी खांद्यावर,
खिशात नगरपालिकेचं पत्र:
जुनी वायरिंग, नवा खर्च, तीन प्रतींत.

नाझिब्रोला पुढे.
दालन आलं की खटका दाबते, मागचा विझवते.
आमच्या पाठोपाठ अंधार एकेक दार लावत येतो.
"वीज काय कुणाच्या बापाची आहे?"

चित्रांची नावं ती सांगत नाही.
पाट्या आहेत, वाच.
ती सांगते दुखणी:
या घोड्याला मार्चमध्ये ओल चढते.
हा बिशप ब्याण्णवच्या हिवाळ्यात गारठून गेला;
हातमोजे घालून धूळ पुसायचो आम्ही,
त्याचं नाक तेव्हाच तडकलं.
आणि ही द्राक्षं मेणाची.
चित्रकाराला खरी परवडत नव्हती.

शिडीवरून मी विचारलं, हे सगळं आलं कुठून?
तिने फडक्या-झाडूंच्या कपाटातून नोंदवही काढली.
शेवटचा रकाना: कसे मिळाले.
विकत. भेट. विकत.
जप्त.
जप्त. जप्त. जप्त
(इथे अक्षर घाईचं, शाई फरफटलेली).
भेट.
एकशे बाराव्या ओळीत रकाना कोरा.

एकशे बारा चौथ्या दालनात.
निळ्या टोपीतली बाई,
कुणीतरी नुकतंच काही वात्रट बोललंय
आणि ही हसू दाबून बसलीय.
चित्रकार अज्ञात. व्यक्ती अज्ञात.

"माझी मावशी," नाझिब्रोला म्हणाली,
बसची वेळ सांगावी तशी.
एक्कावन्न साल. मावशीला नेलं होतं,
आता घरंही तपासत होते.
आईने हिला रजईत गुंडाळलं,
रात्री मागच्या दाराने इथे आणलं. मी पोटात.
तेव्हाचा रखवालदार काही बोलला नाही,
खिळा तेवढा ठोकला.
आईने पावती मागितली नाही. मागणार कशी?

"म्हणून मी नोकरी मागितली."

सेहेचाळीस वर्षं. खुर्ची बरोब्बर समोर,
फरशीत तिच्या पायांचे चार खळगे.

मी म्हटलं, आता मागा की परत, आता कोण अडवतंय?
तिने सूर्यफुलाची बी दाताखाली फोडली,
साल मुठीत ठेवलं.
"घरी भिंत एकच आहे रे.
तिच्यावर टीव्ही."

अहवालात मी लिहिलं:
सर्व दालनांत चाहूल लागताच पेटणारे दिवे बसवावेत,
चौथं सोडून.
तिथला खटका हातानेच चालू द्यावा.

पुढे कारणाचा रकाना होता.
पेन बराच वेळ तिथे टेकवलं,
एक ठिपका उमटला.