किंमत विचारू नये

गुरुवारी बर्फाचा कारखाना बंद.
कॉम्प्रेसर बंद, म्हणून स्पीकरमधली घरघर बंद,
म्हणून आम्ही गुरुवारीच जमतो,
वेंगुर्ल्याच्या बंदराकडे, कारखान्यामागच्या खोलीत,
जिथे पूर्वी भुशाची पोती असत.

पास्कोल तबकड्या आणतो मासळीच्या थर्मोकोलच्या खोक्यात.
खोक्याला बांगड्याचा वास. तबकडीलाही, थोडा.
सगुण गिरप सीडीवाला,
त्याला आम्ही अजून पुरतं माफ केलेलं नाही.
यासीनभाई घड्याळं दुरुस्त करतात, विकत काहीच घेत नाहीत,
डोळ्याला भिंग लावून सुईचं टोक बघतात
आणि म्हणतात, अजून दोन महिने. फार तर अडीच.

इथे प्रत्येक वस्तूला तीन किमती.
घरी सांगायची : शंभर.
इथे सांगायची : तीनशे, वर "फुकटात गावली".
आणि खरी, ती पाकिटाला ठाऊक,
पाकीट बोलत नाही.

आमची हवा खारी.
पितळ हिरवं पडतं, तारांची टोकं काळी,
कव्हरांवर बुरशी आपापले देश काढते.
शहरातले शौकीन एकमेकांना विचारत असतील, आवाजात खोली किती?
आम्ही विचारतो, गंज कितपत?

आज पास्कोलकडे ओरोसच्या भंगारातल्या सात.
पाच तडकलेल्या. एकीवर लग्नाचा बँड.
सातवीचं लेबल वाळवीने खाल्लंय,
आत एक बाई मारवा गाते, तीन मिनिटं,
घाईत, जणू कोणी दारात उभं आहे.
त्या काळी शेवटी गाणारीण आपलं नाव सांगायची.
हिनेही सांगितलं असणार,
पण टवका उडालाय तो नेमका तिथे.
"मी..." म्हणते, आणि सुई घसरते.

मग मी सांगून टाकलं.
कोल्हापुरात एक व्हॉल्व्हचा अँप्लिफायर बघून आलोय.
चार व्हॉल्व्ह, पेटले की पिकल्या काजूबोंडांसारखे.
सेहेचाळीस हजार.
सगुण लगेच म्हणाला, अर्धं आउटबोर्ड इंजिन.
पास्कोल म्हणाला, पोरीची दोन वर्षांची फी.
यासीनभाईंनी काही हिशेब केला नाही,
फक्त विचारलं, हात लावून बघितलास? किती गरम होतो?
आणि मला तो हात आठवला,
दुकानदार फोनवर असताना
मी वासराच्या पाठीवर ठेवावा तसा ठेवलेला.

तेवढ्यात अनसूया आली, पोस्टातून सुटून, घराची चावी मागायला.
दारातच उभी. एक पाय चपलेत, एक बाहेर.
मारवा पुन्हा लावलेला.
चावी घेऊन वळली, थांबली :
"पाठसून कोण खोकता ता?"

कोण खोकतंय? कोणी नाही.
"परत लावा. दुसऱ्या तानेच्या आधी. तुमका आयकाक येणा नाय?"

लावली. नाही.
पुन्हा लावली. चौघे वाकलो,
चार डोकी एका जुनाट स्पीकरपाशी, टक्कर होईल इतकी जवळ,
आणि मग, हो :
एक पुरुष, लांब, तोंडावर हात धरून,
पूर्ण न खोकलेला खोकला.
तबलजी असेल. यंत्राची चावी देणारा असेल.
गाणाऱ्या बाईचं नाव गेलं
आणि याचा घसा राहिला, शंभरेक वर्षं.

तिने चपलेत पाय सरकवला.
"आणि त्या कोल्हापूरच्याचो खरो भाव
घराक इल्यावर सांगा," म्हणाली,
"शर्ट धुताना कागद गावलो खिशात."
स्कूटर सुरू झाली, उताराला लागली.

बराच वेळ कोणी बोललं नाही.
यासीनभाईंनी सुई उचलली, फुंकर मारली, जागेवर ठेवली.
आम्ही आठ वर्षं ऐकतोय, सगुण म्हणाला,
वाक्य तिथेच सोडून.

मग पास्कोल, हळूच, खोक्याचं झाकण लावता लावता :
"व्हॉल्व्हवर तो खोकला
आणखी साफ येईल. नाही?"

मी वही काढली.
सेहेचाळीस लिहिलं होतं, त्याखाली रेघ मारली,
आणि सगुणकडे बघितलं.