जावक

फुलेवाडी जकात नाक्यावर सत्तावीस वर्षं
आबांनी आत येणारं सगळं अडवलं.
साखरेची पोती, सायकलींचे सुटे भाग,
गगनबावड्याकडनं उतरलेला नाचणीचा टेम्पो,
एकदा तर लग्नाची गाडी,
रुखवतातल्या भांड्यांची पावती मागत.
मग नाकी उठली.
केबिनची खिडकी कुणीतरी काढून नेली
आणि आबा घरी आले
पोत्यात खुपसायची सळी तेवढी हातात घेऊन.

मी राजारामपुरीत, सहाव्या गल्लीत, कॉम्प्युटर दुरुस्त करते.
त्यांच्या मोबाइलमध्ये फायरवॉल टाकली
ती बँकेच्या खोट्या मेसेजच्या धास्तीनं.
म्हटलं, आता प्रत्येक ॲप बाहेर पडताना
इथं थांबणार, तुम्हाला विचारणार.
आबांनी चष्मा पुसला.
"म्हंजे नाकाच की गं.
पण उलटा. आम्ही येणाऱ्याला धरायचो,
हे जाणाऱ्याला धरतंय."

दुसऱ्या दिवशी माळ्यावरनं जुनी वही निघाली,
शेवटाला कोरी पानं उरलेली.
वेळ. कोण. कुठं. वजन.
पंचांग, पहाटे साडेचार, सिंगापूर, दोन केबी.
"एकादशी सांगायला सिंगापूरला कशाला जातंय हे?"
बॅटरीच्या ॲपला माइकची परवानगी होती.
आबा माझ्याकडं असे बघत राहिले
जसं ते पोतं मीच भरलं होतं.
"उजेड पाडायला कान लागत्यात व्हय?"

संध्याकाळी मुल्लाणीचाचा यायचे,
त्याच नाक्यावरचे रात्रपाळीचे जोडीदार.
दोघं एका स्क्रीनवर वाकून.
"ह्या गेमकडं बघ, इक्बाल,
गाडी रिकामी म्हणतोय आणि टायर बसल्यात."
लाल बटण. परत लाल बटण.
हवामान तेवढं सोडलं.
त्याला आपलं गाव कळू दे, म्हणाले,
न्हाईतर ऊन कुणाचं सांगणार?

मग कीबोर्ड सापडला.
भाच्यानं घालून दिलेला, मराठी लिहायला सोपा,
रोज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
थोडं थोडं काहीतरी बाहेर नेणारा.
"काय नेतोय?"
दिसत नाही, म्हटलं, डब्याला कुलूप आहे.
टाइप केलेलं असू शकतं.
"धाडलेलं?"
टाइप केलेलं, आबा.
"आणि खोडलेलं?"

मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

गडहिंग्लजला थोरले अण्णा.
बांधावरच्या दोन आंब्यांवरनं बोलणं तुटलं
त्याला अकरा वर्षं झाली.
रात्री सोप्यात मोबाइलचा उजेड दिसायचा,
मला वाटायचं बातम्या बघतायत.

"म्हंजे अण्णा सोडून
समद्यांनी वाचलं."

तसं नसतं, म्हणणार होते मी.
माणसं वाचत नाहीत, यंत्रं शब्द मोजतात,
कुणाचे कोण ते त्यांना ठाऊकही नसतं.
पण सत्तावीस वर्षं सळी चालवलेल्या माणसाला
काय सांगायचं,
की सळीला चव कळत नाही?

कीबोर्ड त्यांनी स्वतःच लाल केला.
मग रागाच्या भरात व्हॉट्सॲप, घड्याळ, हवामानसुद्धा.
रात्रभर घरातनं काही म्हणजे काही बाहेर गेलं नाही.

सकाळी चहा घेऊन गेले तर
फोन मांडीवर, जुना बोजड कीबोर्ड,
ओळ लिहून तयार. मला दिसू नये म्हणून अंगठा वर.
"एकदाच सोडायचं असलं तर
कुठं दाबायचं?"

दाखवलं. फक्त या वेळी.

मग वही ओढली.
सहा पन्नास. मी. गडहिंग्लज.
वजनाच्या रकान्यात काहीतरी लिहिलं,
थांबले, आणि खोडलं.
शाईचं खोडलेलं वाचता येतं.
मी कप उचलून आत गेले.