परीटघडी

नव्वद दिवस कुणी न्यायला आलं नाही
की कपडा मागच्या दांडीवर जातो
आणि मागच्या दांडीवरून रेनाटाच्या अंगावर.
मिस्टर आन यांना हे ठाऊक आहे.
ते हिशेबाच्या वहीत बघत राहतात.

मी इस्त्रीवर. तेहतीस वर्षांची शिकागोची वाफ
या फुप्फुसांत आहे, तेव्हा कापडाबद्दल माझं ऐका:
ऑडिशनला पांढरं नको, कॅमेरा त्यात चेहरा बुडवतो.
बारीक रेघा नकोत, पडद्यावर मुंग्या चालतात.
नर्सचं काम असेल तर नर्स होऊन जाऊ नये,
एवढंच दिसावं की ही बाई रात्रभर उभी राहू शकते.
कांकण नको. करकरणारा बूट तर नकोच,
एकदा एक अख्खं वाक्य टाचेनं खाल्लं होतं.
हे सगळं मला रेनाटानं शिकवलं,
लोकांच्या कॉलरी उलट्या करता करता.
अकरा वर्षांत सदतीस ऑडिशन
आणि एक जाहिरात, मलमाची,
तीत फक्त गुडघा.

फेब्रुवारीत तिनं १४०६ नंबर खाली उतरवला.
शेवाळी कार्डिगन, कोपरापाशी जुनं रफू,
इतकं बारीक की ते माझ्या बोटालाच सापडलं.
भूमिका: शाळेची मुख्याध्यापिका,
जिला एका आईला फोन करायचा आहे.
आरशासमोर रेनाटा काही बोलली नाही,
बाह्या फक्त एक घडी वर घेतल्या,
आणि मला माझ्या शाळेचं ऑफिस आठवलं,
हीटरवर वाळणाऱ्या हातमोज्यांचा वास.

आठ दिवसांनी फोन: पुन्हा या, गुरुवारी, सव्वाचारला.
आणि हो, कपडे तेच घाला.
हा त्यांच्यात नियमच आहे.
शेकडो चेहऱ्यांतून त्यांनी कागदावर
'ती शेवाळी' अशी खूण केलेली असते;
दुसऱ्या रंगात गेलात तर तुम्ही कोण?

मंगळवारी दुकानात आधी एक काठी आली,
काठीमागून मिसेस ग्रोखोव्स्का,
हातात पिवळी पडलेली पावती. १४०६.
कमरेचं हाड मोडलं होतं, म्हणाल्या, म्हणून उशीर.
मिस्टर आन यांनी वहीतून मान वर केली.
रेनाटानं कार्डिगन काउंटरवर ठेवलं.
पैसे घेतले. सुटे दिले. जपून जा म्हणाली.
तिचा इतका चांगला अभिनय मी पाहिला नव्हता.

बुधवारी रात्री ती पावतीवरच्या पत्त्यावर गेली.
काय झालं ते मला अर्धंच सांगितलं:
म्हातारीनं दार साखळीवर ठेवून ऐकून घेतलं,
मग विचारलं, त्या आईला कळवायचंय तरी काय?
रेनाटानं तिथेच, जिन्यातल्या दिव्याखाली,
दोन पानांचा संवाद म्हणून दाखवला.
बऱ्याच वेळानं साखळी निघाली.
"तिसरं बटण सैल आहे," एवढंच,
"आणि रविवारी चर्चला मला हेच लागतं."

उसनं अवसान म्हणतात ना,
ते मी गुरुवारी दुपारी वाफेखाली धरलं,
उलट्या बाजूनं, रफूवर हात हलका ठेवून,
आणि घडी न घालता तिच्या खांद्यांवर दिलं.

साडेपाचला ती बर्फ झटकत आली.
कसं झालं?
झालं.
जाता जाता दिग्दर्शकानं विचारलं,
मागच्या वेळी तुम्ही निळ्यात होतात ना?

मी हसलो. ती नाही हसली.
तिनं कार्डिगन काढलं, काखेचा वास घेतला,
नवी पावती फाडली. नाव: ग्रोखोव्स्का.
शनिवारच्या आत. बिल शून्य.
शेऱ्याच्या रकान्यात: तिसरं बटण.

सुई तिनं स्वतःच ओवली.
शेवाळी दोरा दुकानात नव्हताच,
दिव्याशी धरून चार रिळं पाहिली,
आणि घेतला तो
जरा निळ्याकडे झुकणारा.