देवलापारपर्यंतची तालीम

मे महिना. रात्रीचे अकरा.
कूलरसमोर नकाशा पसरला की नामिबिया फडफडतो,
म्हणून चार कोपऱ्यांना चार वजनं:
हर्षदीपचा चष्मा, एक कैरी, निरूचा डावा बूट
आणि मिठाची बरणी.
बरणी नेमकी त्या पांढऱ्या तळ्यावर आली आहे
जिथं खरंच मीठ आहे, पाणी नाही.

विमानतळापासून पहिल्या पाणवठ्यापर्यंत
चारशेवर किलोमीटर,
भागिले निरंजनाची शू.
हर्षदीप बँकेतल्यासारखा वहीत हिशेब मांडतो:
आठ थांबे. शेवटचे दोन फाटकाच्या आत,
तिथं गाडीचं दार उघडायला मनाई.
(मग? मग डबा. डबा यादीत लिहिला.)

डॉक्टर बोकाडे म्हणाले, जुलैत जा, डास कमी,
गोळी वजनावर ठरते.
वजन चौदा किलो आठशे.
जुलैत तिकडे थंडी, हे ऐकल्यापासून
पोरगी पंचेचाळीस डिग्रीत स्वेटर घालून बसते,
घामेजून, हट्टानं,
आणि विचारते, हत्तीला माहितेय का
आपण येणार ते?

सासरे सिल्लारीला सव्वीस वर्षं वनरक्षक.
दारातूनच म्हणाले, "काहून?
आपल्याकडचे जनावरं का कमी पडून रायले?"
मी काही बोलले नाही.
दुसऱ्या दिवशी नकाशावर त्यांची दुर्बीण होती,
पट्टा तुटलेला, सुतळीनं बांधलेला.
आणि जेवताना, वरणात भात कालवत,
कुणाकडेच न बघता:
"तिथले गार्ड पायीच हिंडतात का?"

रविवारी तालीम केली.
पहाटे पाचला निघालो. नवी कारसीट, जुने नियम:
उतरायचं नाही, ओरडायचं नाही,
बोट दाखवायचं तर काचेच्या आतून.
कामठीला तिनं दोन म्हशी मोजल्या.
कन्हानला पूल, म्हणून शू.
मनसरला पुन्हा, तर्री पोह्याच्या वासानं
नियम मोडले ते आम्हीच.
पुढे माकडं, ट्रक, ट्रक, एक मुंगूस,
तेही मलाच दिसलं.

मग रस्ता खांबांवर चढला.
दोन्हीकडे उंच भिंती, मध्ये आम्ही.
"खालून जनावरायचा रस्ता हाये," सासरे म्हणाले,
"अन् वरून आपला."
मागच्या सीटवरची चिवचिव थांबली.
"आत्ता आहे का खाली?"
"असन."
"वाघ?"
"वाघ असन, चितळ असन. नसन बी."
"तो आपल्याला बघतोय?"
"नाही बेटा. त्याले फक्त आपला आवाज येते."

निरूनं ओठांवर बोट ठेवलं.
बापाला म्हणाली, हळू.
अजून हळू.
आणि राष्ट्रीय महामार्गावर, चार दिवे लुकलुकवत,
आम्ही तिशीनं गेलो, श्वास धरून,
मागचा ट्रकवाला हॉर्नवर झोपल्यासारखा.
दिसलं काहीच नाही.
सासरे मात्र खिडकीकडे तोंड करून होते बराच वेळ,
भिंतीशिवाय काही नव्हतं तिकडे.

तिकिटं अजून काढलेली नाहीत.
एक एफडी मोडायची की दोन, यावर अडलंय.
पासपोर्टच्या फोटोत निरू
टॉर्चच्या उजेडात सापडलेल्या सशासारखी.
कुणी म्हणतं, एवढ्या लहानपणीचं तिला काय आठवणार,
आणि मला उत्तर सुचत नाही,
मी नुसती यादीत ओआरएस लिहिते.

पण रविवारपासून एक झालंय.
रात्री दिवे मालवले की
ती पलंगापासून मोरीपर्यंत
चवड्यांवर चालते, भिंत धरून, एकेक पाऊल.
काय गं, विचारलं तर कुजबुजते:
खाली घोडेस्वार काकू असतील.
असतील. नसतील पण.

मी बूट उचलते. नकाशाचा एक कोपरा
लगेच उडायला लागतो.