मंगळवारचे दोन तास

मंगळवारी तीनला मेहरूनभाभी येते.
चपला काढता काढताच विचारते,
"आज काय म्हणते आमची चांगुणा?"
सकाळी पोलकं तीनदा उलटं घातलं, मी सांगतो.
दुपारी मला विचारलंन, तुमची मंडळी कुठं असते?
बाजारात गेलीय, म्हटलं. येईल.

एवढं शिकलोय आता.
आधी भांडायचो. अगं मीच तो, मीच,
रेशनकार्ड नाचवायचो तिच्यापुढं.
फोटो निरखून म्हणाली होती,
माणूस बरा दिसतो.

भाभी पिशवीतून पावशेर जवळा काढते,
सुपात पसरते.
चांगुणाची बोटं लगेच कामाला लागतात,
कचरा इकडं, खेकड्याची पिल्लं तिकडं,
तोंडानं लिलाव: साडेतीन, साडेतीन, चार...
बत्तीस वर्षं हर्णैच्या वाळूत उभं राहून
तिनं टोपल्यांचे भाव फोडले.
निवडून झालं की भाभी सूप आत नेते,
सगळं पुन्हा मिसळून आणते.
हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा
मी मोरीत नळ सोडून उभा राहिलो.

पहिल्या मंगळवारी कळेना, दोन तासांचं करायचं काय.
बेड्यापर्यंत गेलो, परतलो, खिडकीतून डोकावलो.
भाभीनं कोंबडी हाकलावी तसं हाकललं.

बंदरावर सगळे विचारतात, वहिनी कशा?
बरी आहे, म्हणायचं.
ती रात्र गावाला ठाऊक आहे:
ओहोटीचा चिखल गुडघाभर, हातात रिकामी टोपली,
पोरांनी बॅटऱ्या मारून शोधली तिला.
तेव्हापासून कुलपाची किल्ली तांदळाच्या डब्यात, खोल.

गावाला ठाऊक नाही ते हे:
श्रावणात एकदा मी तिचा दंड असा धरला
की चार बोटं उमटली.
आठवडाभर लांब बाह्यांचं पोलकं.
ती विसरली.
आठवायला मी आहे.

शिमग्यानंतर आशाताई आली, समिधा.
चांगुणाचं बीपी घेतलं, वहीत लिहिलं,
मग तोच पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला.
"काका, तुम्ही झोपता कधी?"
मी छताकडं बघत राहिलो,
हिशेब लागेना.
भाभीला तिनंच गाठलं असणार.
दोघी कबूल करत नाहीत.

परवा सलूनमध्ये गेलो, बाबल्याच्या.
गळ्याभोवती कापड, डोक्यावर गार फवारा,
आणि गेलोच मी.
जाग आली तेव्हा केस कापून झालेले.
बाकावर तीन गिऱ्हाइकं मुकाट,
टीव्हीचा आवाज बंद,
पंखा माझ्याकडं वळवलेला.
"किती वेळ रे?"
"पाच मिनिटं," बाबल्या म्हणाला.
घड्याळात पावणेपाच.

धापा टाकत घरी. पायरीवर चांगुणा, मागं भाभी.
मला खालीवर न्याहाळून म्हणाली,
बर्फवाले, लादी कितीला?
अठ्ठावीस वर्षं लाद्या ओढल्या मी फॅक्टरीत,
जुना भाव तोंडावर आला: आठ रुपये.
सहाला द्या.
परवडत नाही, बाई.
सातवर ठरलं.

भाभी जवळा पिशवीत भरते.
पाच मंगळवार तोच, निवडून निवडून भुगा झालेला.
"पुढल्या खेपेला नवा आणते."

मी किल्ली तांदळात खुपसतो.
मानेवर सलूनची पावडर राहिलीय,
ती चांगुणा पदरानं पुसते,
गिऱ्हाइकाची पुसावी, तशी नव्हे.
मग विचारते,
तुमची मंडळी आली का?